सुवेझचं प्रकरण

शब्दांकन म्हणजे रेकॉर्डर लावायचा आणि ऐकत बसायचं, असं लोकांना वाटतं. तासभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात, ते सोडाच. खरं काम तारखा जुळवण्याचं. साल कुणालाच आठवत नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत’ म्हटलं की डिसेंबर 1967 हाती लागतो. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाकडे मात्र सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, असते : कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, सगळं शिक्क्यानिशी. असा कागद मिळाला की मी जेवणखाण विसरते.

जयगडकडच्या एका काकांचं पुस्तक मी करते आहे. सहस्रचंद्रदर्शनाला द्यायचं म्हणून खर्च मुलाचा. त्यातलं सगळ्यात रंगलेलं प्रकरण सुवेझचं. पहिलीच सफर, 1970 साल. पोर्ट सैदला बोटीवर चढलेला जादूगार, त्याच्या बाहीतून निघणारी कोंबडीची पिवळी पिल्लं, मग कालव्यात दोन्हीकडे वाळू आणि डेकवरून खाली दिसणारे उंट.

सीडीसीवर 1970 चा शिक्का आहे. पण कालवा जून 1967 च्या युद्धात बंद झाला तो जून 1975 मध्ये उघडला. चौदा जहाजं तर ग्रेट बिटर सरोवरातच अडकून पडली होती. मुंबईहून युरोपला निघालेली बोट केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला वळसा घालून, चार हजारांहून जास्त सागरी मैल जादा तोडून जायची. आणि काकांची शेवटची परदेशी सफर 1974 ची. म्हणजे ते सुवेझमधून कधी गेलेच नाहीत.

“राहू द्या हो ताई, कोण तपासणार आहे?” मुलगा म्हणाला. या एका वाक्यानं मराठीतली कितीतरी आत्मचरित्रं नासली आहेत.

मी काकांना केपबद्दल विचारलं. “त्यात काय सांगायचं? पाणीच पाणी.” खोदून विचारल्यावर बोलू लागले. ताटं घसरू नयेत म्हणून मेसच्या टेबलावर ओली चादर अंथरायचे. झोपताना गुडघे बंकच्या फळीला टेकवून अंग अडकवून ठेवायचं, नाहीतर माणूस खाली. दिवसचे दिवस पंख न हलवता बोटीमागे येणारे अल्बाट्रॉस. यातलं काहीच त्यांना सांगण्याजोगं वाटलं नव्हतं!

उलगडा केला त्यांच्या धाकट्या बहिणीनं. “हे तर बाबांचं. बाबा बोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. रजेवर आले की पडवीत बसून सांगायचे. भाऊ मग त्यांचा कोट घालून बाहीत खरंच पिल्लू कोंबायचा. आईचा मार खायचा.”

मी सुवेझ बालपणाच्या प्रकरणात नेलं, तपशील एकही न गाळता, आणि 1970 च्या जागी केप घातलं. प्रूफ परत आलं, तर काकांनी ‘बाबा सांगायचे’ जिथे जिथे होतं तिथे खोडून ‘मी पाहिलं’ केलंय. केपला हात लावलेला नाही.

ते खोटं बोलत नाहीत, याची मला खात्री आहे. खोटं सांगणारा दर वेळी भर घालतो. काकांचे उंट आणि पिल्लं दर वेळी तीच, त्याच क्रमानं. ज्या कालव्यापायी ते बोटीवर गेले, तो त्यांच्या वाट्याला आला नाही, एवढंच. पण शब्दांकन म्हणून खाली नाव माझं लागणार, आणि 1970 मध्ये कालवा बंद होता. येत्या आठवड्यात सीडीसी घेऊन त्यांच्यासमोर बसणार आहे. मुलाला तोवर बाहेर पाठवीन.