टेस्ट हिरव्या, उत्तर मात्र जुनंच

सपोर्टकडून आलेली तक्रार विचित्र होती. मोबाइल ॲपचं नवं व्हर्जन घेतलेल्या बऱ्याच लोकांना सर्व्हरकडून जुन्याच साच्याचं उत्तर जात होतं. लॉगमध्ये एकही एरर नाही, स्टेटस सगळीकडे २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. कोडला कोणी हात लावला नव्हता. आदल्या रात्री बदललं होतं ते फक्त लोड बॅलन्सरचं (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या घटकाचं) सेटिंग: एचटीटीपी/२, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांची १.१ नंतरची आवृत्ती, चालू केलं होतं.

आमचा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधला कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, ‘एक्स-क्लायंट-व्हर्जन’ हा हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी नाव-मूल्याची ओळ) बघून उत्तराचा साचा ठरवायचा. त्याच्या युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) भरपूर, आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मग कर्ल या कमांड-लाइन टूलनं एकच रिक्वेस्ट दोनदा पाठवली. एचटीटीपी/१.१ वर उत्तर नवं, एचटीटीपी/२ वर जुनं!

हेडरच्या नावात कॅपिटल-स्मॉल असा भेद धरायचा नाही, हा एचटीटीपीचा जुना नियम. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी/२ च्या मानकानं तर नावं स्मॉल अक्षरांतच पाठवायची सक्ती केली, आणि लोड बॅलन्सर ती तशीच आत सोडत होता. आमच्या मेथडनं मात्र सगळे हेडर साध्या मॅपमध्ये (नाव-मूल्याच्या जोड्यांच्या साठ्यात) घेतले होते. रिक्वेस्टहेडर ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावून मॅप मागितला की स्प्रिंग लिंक्डहॅशमॅप या प्रकारचा मॅप हातात ठेवतं, आणि त्याच्या लेखी कॅपिटल एक्स वेगळा, स्मॉल एक्स वेगळा. नाव सापडलं नाही की गेटऑरडीफॉल्ट ही मॅपची मेथड गुपचूप जुनं व्हर्जन धरायचं. हा गुपचूपपणाच मला जास्त खटकला.

टेस्टना हे कसं कळणार? त्या मेथड थेट बोलावून हातानं भरलेला मॅप देत होत्या, त्यातलं नावही कंट्रोलरच्याच कॉन्स्टंटमधून घेतलेलं. ‘मॉकएमव्हीसी वापरलं असतं तर वाचलो असतो,’ असं एक सहकारी म्हणाली; खऱ्या सर्व्हरशिवाय स्प्रिंगमधून खोटी रिक्वेस्ट पाठवणारं हे टेस्टचं टूल. करून पाहिलं, तर तीही टेस्ट हिरवी. आपण नाव ज्या अक्षरांत लिहू त्याच अक्षरांत ते मॅपमध्ये उतरतं. स्मॉल अक्षरांत लिहिलं तेव्हा कुठे टेस्ट लाल झाली. लाल रंग बघून इतका आनंद क्वचितच होतो.

दुरुस्ती किरकोळ होती. मॅपच्या जागी एचटीटीपीहेडर्स घेतला, तो नावातला हा भेद मानत नाही. वाद रंगला तो डीफॉल्टवरून. हेडर नसेल तर सरळ ४००, म्हणजे ‘रिक्वेस्ट चुकीची’, द्यावं, असं माझं मत. पण अगदी जुनी ॲप्स हा हेडर पाठवतच नाहीत, म्हणून डीफॉल्ट राहिलं. आता ते वापरलं गेलं की लॉगमध्ये ओळ पडते, आणि त्या ओळीचीही टेस्ट आहे.