मागचं तेवढं काढून द्या

आमच्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य हेच. गिऱ्हाईक मोबाइल पुढं सरकवतं, दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवतं आणि म्हणतं, "मागचं तेवढं काढून द्या." मागचं म्हणजे दोरीवरचे कपडे, एकात एक घातलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, किंवा पंगतीत नेमका घास तोंडाशी नेलेला कुणीतरी पाहुणा. सांगलीत आमचा स्टुडिओ १९९१ पासून आहे. नाव अजून फोटो स्टुडिओ असलं, तरी पोट भरतं ते या 'मागचं काढण्या'वर.

बाबांच्या काळात ही वेळ फारशी येत नसे, कारण मागं काय असावं ते तेच ठरवायचे. दोन पडदे होते. एकावर कमान आणि तळं, दुसरा साधा राखाडी. नवी जोडपी कमानीपुढं, बाकी सगळे राखाडीपुढं. बाहेर काढलेल्या फोटोतून एकच माणूस हवा असेल, तर बाबा निगेटिव्हवर बारीक ब्रशनं लाल ओपेक लावत. रंग लावलेल्या जागेतून उजेड जात नाही, त्यामुळं प्रिंटवर तेवढा भाग पांढरा येतो. जुन्या फोटोंतले आजोबा पांढऱ्यात तरंगताना दिसतात, त्यातले बरेचसे असे कुणीतरी हातानं रंगवून सुटे केलेले.

२००३ साली पतपेढीचं कर्ज काढून कॉम्प्युटर आणला, त्यात फोटोशॉप ७. पेन टूलनं माणसाच्या कडेकडेनं एकेक बिंदू टाकत जायचं. एका फोटोला दोन तास. वेणी आणि गजरा आला की तीन. टक्कल असलेलं गिऱ्हाईक आलं की मला मनातून आनंद व्हायचा, आजही होतो.

काम मात्र एका वेगळ्याच कारणानं वाढलं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दहाव्याच्या आत हाराचा फोटो लागतो, आणि त्या माणसाचा एकट्याचा धड फोटो घरात नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. २००६ मध्ये असाच एका आजींचा फोटो आला. नातवाच्या लग्नातला, दोन्ही बाजूंनी सुना. रात्री जागून कटिंग केलं, मागं निळं टाकलं, बारा बाय अठराची फ्रेम वेळेत दिली. तेराव्यानंतर मुलगा फ्रेम परत घेऊन आला. आजींच्या डाव्या खांद्यावर, पदरावर, तीन बोटं. एकात अंगठी. फिकट प्रिंटवरून स्कॅन केलेलं, मला ती पदराची नक्षीच वाटली होती. अंगठीवरून घरच्यांनी सून ओळखली होती, आणि तिचं नि आजींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. सगळ्या तेराव्यात दुसरा विषय नव्हता म्हणे. फ्रेम फुकट बदलून दिली. तेव्हापासून प्रिंटला टाकण्याआधी दोन्ही खांदे दोनशे टक्के मोठे करून बघितल्याशिवाय फाइल पुढं जात नाही.

निळं टाकणंही आम्ही हळूहळू सोडलं. माणूस कापून कोऱ्या रंगावर ठेवला की तो पोस्टरवरच्या उमेदवारासारखा दिसतो. त्यापेक्षा मागचं आहे तिथंच ठेवून दबवायचं. नजर आधी जाते ती उजळ भागाकडं, लाल-पिवळ्या रंगाकडं आणि अक्षरांकडं. म्हणून खुर्च्यांचा लाल रंग उतरवायचा, खिडकीचा झोत कमी करायचा, पाटीवरची अक्षरं पुसायची. डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब तेवढा खरोखर काढायचा. ब्लर दिला तर लांबचं जास्त, जवळचं कमी, आणि पायाखालची फरशी पायांइतकीच स्पष्ट. इथंच नवी पोरं चुकतात; फरशी पुसट झाली की माणूस हवेत उभा. शेवटी थोडे दाणे, म्हणजे जुन्या फोटोत असतात तसे बारीक ठिपके, टाकायचे, नाहीतर पुसलेला भाग गुळगुळीत दिसून कळतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर लोक पिशव्या भरभरून अल्बम घेऊन आले. काचेला चिकटलेले फोटो ओढून काढले की चेहरा काचेवरच राहतो, म्हणून ते काचेसकट स्कॅन केले. बऱ्याच फोटोंत कडा आणि मागचा भाग गेला होता, चेहरे शाबूत. मागं काय होतं विचारलं, तर तिघांची तीन उत्तरं. अशा वेळी मनानं काही भरलं नाही, बाबांचा राखाडी पडदा टाकला.

आता मोबाइलच एका टिचकीत मागचं पुसतो. साधी कामं गेली, तक्रार नाही. पण एक बाई 'साफ' केलेला फोटो घेऊन आल्या, त्यात त्यांच्या आईच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब. यंत्रानं डाग समजून पुसलं. मूळ फोटो डिलीट केलेला. घरातल्या दुसऱ्या एका फोटोवरून ठिपका ठिपका मोजून गोंदण परत बसवलं, त्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

परवा तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. वडिलांचा शेतातला फोटो, मागं मांडव, ट्रॅक्टर, दोन-चार माणसं. म्हणाले, सगळं काढा. आम्ही हल्ली लगेच हो म्हणत नाही. विचारलं, "ट्रॅक्टर पण?"

ते थोडा वेळ बघत राहिले. "नको. पहिला ट्रॅक्टर आहे तो. राहू दे," म्हणाले. मग बोट सरकवत, "हा शेजारी मेहुणा उभाय, तेवढा काढा."