आखेनमधलं पहिलं सेमिस्टर: मागून येणाऱ्यांसाठी

आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून. इथलं तंत्र विद्यापीठ आरडब्ल्यूटीएच १८७० सालचं. फ्रँकफर्ट विमानतळालाच जोडून रेल्वे स्टेशन आहे. तिथून कोलोनला गाडी बदलली की पुढे तासाभरात आखेन. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण सप्टेंबर संपायच्या आत पोहोचा. मी तसाच आलो आणि व्याख्यानांआधीच्या मोकळ्या दिवसांत सगळी कागदपत्रं मार्गी लागली.

खरा प्रश्न खोलीचा. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र हाती पडेल त्याच दिवशी अर्ज टाका. तोवर ‘वेगे’, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली खोली, शोधावी लागते. जाहिरातीत ‘काल्ट’ भाडं असेल तर हीटिंग आणि बाकीचा खर्च वेगळा. ‘वार्म’ म्हणजे तो धरून. खोली न दाखवता डिपॉझिट मागणाऱ्याला एक युरोही देऊ नका.

खोलीवर एवढा जोर देतोय, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडतं. घरमालकाने सही केलेला कागद असेल तरच पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’ होते, आणि ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. पत्ता झाला की बँक खातं, आणि खातं उघडलं की मग ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे सुटतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि महिन्याला ९९२ मिळतात. पहिला हप्ता यायला वेळ लागतो, तेव्हा महिना-दीड महिना निघेल एवढे पैसे वेगळे जवळ हवेत. निवास परवान्यासाठीची अपॉइंटमेंटही याच दिवसांत मागून ठेवा. व्हिसा संपत येईपर्यंत थांबू नका.

आता अभ्यासाकडे येतो, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ असेल तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होतं. ते संपलं की सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकतो. टाळ्यांऐवजी हाच मान. पहिल्या दिवशी भल्यामोठ्या सभागृहात तो आवाज उठला तेव्हा अंगावर काटा आला.

व्याख्यानाला हजेरी घेत नाहीत. अंतर्गत गुण, सबमिशनचा ससेमिरा असं बहुतेक विषयांत नसतं. फेब्रुवारी-मार्चमधल्या एका लेखी परीक्षेवर सगळं ठरतं. त्या परीक्षेसाठी आपलं नाव आपणच नोंदवायचं असतं आणि मुदत कितीतरी आधी संपते. कोणी फोन करून आठवण करत नाही. साधारणपणे एका विषयाला तीन संधी असतात. तिसरीही गेली तर अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो. गुणांकन उलटं आहे: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिल्या सेमिस्टरला विषय कमी घ्यावेत. जुन्या प्रश्नपत्रिका ‘फाखशाफ्ट’कडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे विचारा, ती मुलं फार मनापासून मदत करतात.

दुपारचं जेवण मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत. विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो, त्यामुळे ओळखपत्र विसरू नका. शाकाहारी पदार्थ रोज असतो, मात्र मीठ-तिखट बेताचं. रविवारी जर्मनीतली दुकानं बंद असतात, तेव्हा आखेनची मुलं बसने सीमेपलीकडच्या, नेदरलँड्समधल्या फाल्सला जाऊन भाजी-दूध आणतात. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या टाकू नका; बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की पावती मिळते.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्या, तिथे छताला धुराचा अलार्म असतो. थंडीतही रोज दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

कामाचं म्हणाल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली ‘हिवी’ची, म्हणजे विद्यार्थी सहायकाची नोकरी त्यात धरत नाहीत आणि अभ्यासालाही तीच पूरक. इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर आणि दारावरच्या फलकावर जागा लागतात. ज्या विषयात चांगले गुण पडले, त्याच्या सहायक प्राध्यापकांना थेट ईमेल करा.

बॅगेत कुकर जरूर आणा, पण सपाट बुडाचा, कारण शेगडी विजेची असते. सोबत दोन जादा रिंगा ठेवा. तांदूळ, डाळी, मसाले इथल्या भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळतात, गोडा मसाला मात्र घरूनच आणावा लागतो.