माफ असलेल्या मुद्रांकासाठी गेलेले अकरा दिवस

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र काढण्याचे काम मी जून 2025 मध्ये केले. शिधापत्रिका, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या ज्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो तेथील मालकांचे पगारपत्र ही सगळी कागदपत्रे दोन दिवसांत जमली. तलाठ्यांचा अहवालही विनासायास मिळाला. पुढचे अकरा दिवस मात्र एका खिडकीने खाल्ले. त्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने माझा अर्ज उलटसुलट पाहून एवढेच सांगितले की, प्रतिज्ञापत्र पाचशेच्या बाँडवर करून आणा. हा पाचशेचा आकडा कोठून आला हे आता पुष्कळांना आठवत नसेल. पूर्वी अशा कामासाठी शंभराचा मुद्रांक चालत असे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा 15 ऑक्टोबरला झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे 16 ऑक्टोबरपासून, शंभर आणि दोनशेच्या जागी किमान पाचशेचा मुद्रांक लागू झाला. ज्या महिन्यांत बहिणींच्या खात्यात दीड हजार रुपये जमा केल्याचे फलक चौकाचौकांत लागले होते, त्याच महिन्यांत हे शुल्क पाचपट झाले. मात्र त्याचा फलक मला सोलापुरात एकाही चौकात दिसला नाही.

मी घाईत होतो, त्यामुळे वाद घातला नाही. मुद्रांक विक्रेत्याकडे पाचशेचा कागद शिल्लक नव्हता, म्हणून त्याने शंभराचे पाच कागद दिले आणि वर पन्नास रुपये घेतले. पावती मागितल्यावर तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच त्याच्याकडे लाच मागितली होती. टंकलेखकाने दीडशे घेऊन वडिलांच्या नावात एक काना जास्त मारला. तिसऱ्या दिवशी खिडकीवर तो काना बरोबर सापडला आणि संपूर्ण प्रतिज्ञापत्र नव्या मुद्रांकावर करण्यास सांगण्यात आले. शेजारी उभ्या असलेल्या एजंटाने सगळे मिळून बाराशेत करून देतो असे हळूच सुचवले. नकार देण्यामागे माझा बाणेदारपणा किती आणि खिशातली अडचण किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्या संध्याकाळी मी पाचशेचा दुसरा मुद्रांक विकत घेऊन घरी आलो.

रात्री मुलीने मोबाइलवर शोधून जे दाखवले, ते पाहून माझी झोप उडाली. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने 1 जुलै 2004 च्या आदेशानेच माफ केलेले आहे. त्यानंतर 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र स्वीकारावे असे ठरवले. आणि एवढे असूनही 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीचे पाचशे रुपयांचे शुल्क माफ केल्याची घोषणा केली, ती दिलासा म्हणून सर्वत्र छापूनही आली. जे एकवीस वर्षांपूर्वीच माफ झालेले आहे ते खिडकीवर वसूल होऊ द्यायचे आणि मग तेच पुन्हा माफ करून टाळ्या घ्यायच्या, या व्यवहाराला काय म्हणावे?

दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत खिडकीवर ठेवली. उत्तर मिळाले की, आमच्याकडे असे पत्र आलेले नाही. साहेबांना भेटायचे म्हटले तर साहेब दौऱ्यावर. पुढचे दोन दिवस मी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन जात राहिलो आणि तेच उत्तर ऐकत राहिलो. चिडून मी एकदा आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य झाला, उलट रांगेतले लोकच माझ्यावर वैतागले. आवाज चढवू नये, हे येथेच सांगून टाकतो.

उपयोग झाला तो एका वाक्याचा. सातव्या दिवशी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात 2004 च्या आदेशाचा उल्लेख केला आणि मुद्रांकाशिवाय प्रतिज्ञापत्र नाकारत असाल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे नाकारण्याचे कारण लेखी द्यावे, एवढीच मागणी केली. अर्ज खिडकीवर न देता आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. अर्जाची दुसरी प्रत आधीच सोबत न्यावी, मला ती काढण्यासाठी पुन्हा उन्हात जावे लागले. नवव्या दिवशी त्याच कर्मचाऱ्याने, तोच चष्मा सावरत, साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र स्वीकारले. कोणते नवे पत्र आले ते त्याने सांगितले नाही. अकराव्या दिवशी दाखला हातात पडला. मला आनंद झाला हे खरे, पण बाराशे रुपये आणि कापलेल्या अर्ध्या सुट्ट्या त्या आनंदातून वजा करूनच तो मोजावा लागला. आणखी एक, नावातील काना-मात्रा सही करण्यापूर्वी स्वतः वाचाव्यात, टंकलेखकावर सोडू नयेत.

दाखला घेऊन निघताना रांगेत विडी घरकुलातल्या एक बाई पाचशेचा कोरा मुद्रांक हातात धरून उभ्या होत्या. मी त्यांना आदेशाची प्रत दाखवली, अर्जाचा मजकूरही देऊ केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं खरं असंल, पण आज विड्या कारखान्यात दिल्या न्हाईत तर उद्याची पानं मिळायची न्हाईत. लाडकीचं पैसं कालच जमा झाल्यात, त्यातलंच दिलं." एवढे बोलून त्या खिडकीकडे सरकल्या. माझ्याकडचा दुसरा मुद्रांक अजून कपाटात कोरा पडून आहे.