विचारलं नाही

रविवारी आईने दिलेले उत्तर अजून माझ्या मनातून जात नाही. खरे तर प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता. ‘अयोध्येचा राजा’ लावला होता, काशीच्या बाजारात तारामती विक्रीला उभी होती, आणि मनूने मोबाइलमधून मान वर काढून मला विचारले, की राज्य देऊन टाकण्यापूर्वी हरिश्चंद्राने बायकोला विचारले होते का. असल्या कथांना असले प्रश्न विचारायचे नसतात, अशा अर्थाचे काहीतरी मी मनाशी जुळवत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "नाही विचारलं." मांडीवरच्या वर्तमानपत्रावर मेथीची जुडी सोडलेली होती. तिने एक पिवळे पान बाजूला टाकले आणि पुढची काडी उचलली.

मला हे इतके का लागावे, ते समजत नाही. दूरदर्शनवर हा चित्रपट लागे तेव्हा आई रडत असे, आणि तिचे ते रडणे आम्हाला पाठ होते. दादा आणि मी तर पडद्याऐवजी तिच्याकडेच पाहत असू, कारण स्मशानाचा प्रसंग जवळ आला की तिचा हात आधी पदराकडे जाई आणि डोळे नंतर भरत. राजाने दिलेला शब्द, रोहिदासाचा मृत्यू, सत्त्वपरीक्षा, या सगळ्यासाठी ती रडते असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. आई भाबडी आहे, आणि आपण कॉलेजात चार पुस्तके वाचल्यामुळे तसे राहिलो नाही, ही समजूत मला सोयीचीही होती. आता प्रश्न असा पडतो, की तारामतीला कोणी विचारले नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते, तर ती नेमकी कशासाठी रडत होती? आणि ठाऊक होते तर मला एकदाही का सांगितले नाही? या घरात प्रत्येक गोष्ट मलाच शेवटी कळते. पुनर्विकासाच्या संमतिपत्राचेही तेच झाले. मुदत संपत होती असे दादा म्हणतो. त्याबद्दल आज लिहायचे नाही.

आईला नौपाड्यातले हे घर... तेही राहू दे.

रात्री झोप येईना, तेव्हा एक गंमत सुचली. हीच कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणली, त्या वेळी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी बायकांना खरोखर विचारले होते. जाहिरात दिली, शोधाशोध केली, पण चित्रपटात काम करणे तेव्हा इतके हलके मानले जाई, की एकही बाई मिळाली नाही आणि अखेर अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. म्हणजे या कथेच्या संदर्भात बायकांना विचारण्यात आले ते बहुधा एवढ्या एकाच वेळी, आणि सगळ्यांनी नाही म्हटले! हे मनूला सांगायला हवे होते. माझी उत्तरे नेहमी अशी मध्यरात्री येतात.

पुढे १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभातमध्ये, शांतारामबापूंच्या या चित्रपटात दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून उभ्या राहिल्या. चांगल्या घरातली सुशिक्षित बाई पडद्यावर येते, याचीच तेव्हा केवढी चर्चा झाली. परवा पाहताना ध्वनीची खरखर कानाला त्रास देत होती, गोविंदराव टेंब्यांचा हरिश्चंद्र मला पूर्वीपेक्षा संथ वाटला, पण विकायला उभ्या केलेल्या त्या राणीची मान पाहून मी थोडी दचकलेच. ती मान खाली जात नाही. आई रडत असेल ती या ताठ मानेकडे पाहून, असे वाटले, आणि लगेच असेही वाटले, की हे पुन्हा माझेच पांडित्य, आईचे कारण नव्हे.

शेवटी काल चहा पिताना तिला सरळ विचारून टाकले. ती म्हणाली, "रडू येतं म्हणून रडायचे. कारण असतं तर भांडले नसते का?" मग थोडे थांबून, "आणि त्या दुर्गाबाई सुंदर दिसतात गं." एवढ्यासाठी मी तीन रात्रींची झोप घालवली.

तिला बरे वाटावे म्हणून सांगितले, की त्याच वर्षी त्याच कंपनीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणी झाल्या आहेत, पायाशी पाळीव चित्ता आहे, आणि त्यांच्या दरबारात येणारे मच्छिंद्रनाथ म्हणजे हेच टेंबे, हरिश्चंद्र होऊन त्यांना विकणारे. आईने कप खाली ठेवला. "चित्ता खरा?" खरा, असे मी म्हणाले. "मग एवढी वर्षं आम्हाला तो का नाही दाखवलात?"

येत्या रविवारी तो पाहायचे ठरले आहे. शेवटी ते सगळे वैभव माया ठरते, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. दादालाही बोलवायचे आहे, आणि त्याला जमेल का म्हणून विचारत बसू नकोस, नुसते कळव, अशी आईची सूचना आहे.