नऊ वेळा १: डेमलो संख्येची चिरफाड

१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे गणिती दत्तात्रय कापरेकर यांच्या ‘अद्भुत डेमलो’ संख्यांमधली (१, ११, १११… यांचे वर्ग) ही नववी. (डेमलो हे तेव्हाच्या जी.आय.पी., म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरचं स्टेशन, कल्पना तिथे सुचली.) उलटसुलट सारखी वाचता येते याचं मला फारसं कौतुक नाही. उभ्या गुणाकारात मधल्या रकान्यात नऊ १ येतात, हातचा येत नाही, संपलं. दहा १ घेतले की हातचा आलाच: १२३४५६७९००९८७६५४३२१.

खरी गंमत अवयवांत आहे. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा, म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ३३३६६७ मूळ आहे हे हाताने दाखवायचं तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. पण ती ९९९९९९९९९ ला भागते. ३ आणि ३७ तिला भागत नाहीत, हे आधी बघून घ्यायचं. मग तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने १० चे घात भागत गेलं, तर बाकी १ पहिल्यांदा नवव्या घाताला येते; म्हणून (फर्माच्या छोट्या प्रमेयाने) त्या अवयवातून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो, आणि अवयव विषम म्हणून १८ नेही. म्हणजे तो १८ ने भागल्यावर बाकी १ देणाराच हवा. १९, ७३, १०९, १२७… अशा १६ च उरतात. कागद-पेन्सिल पुरते.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने निःशेष भाग जातो. म्हणजे ही हर्षद संख्याही झाली, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी (हे नावही कापरेकरांचंच). भागाकार १५२४१५७८९९७१०४१, हा १२३४५६७९ चा वर्ग!

आता शेवटचे नऊ अंक तोडा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. कारण साधं आहे. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिचा वर्ग म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९.

हेच कारण अठरा १ च्या माळेला लागू पडतं. वर्गाचा डौल तिथे कधीच मोडलेला असतो, पण मधून तोडून बेरीज केली की अठरा ९ येतात. बेरजेत सगळे ९, म्हणजे हातचा कुठेच नाही; म्हणून वर्गाच्या अंकांची बेरीज १८ × ९ = १६२. आणि इथे हर्षदपणा जातो, कारण १६२ सम, वर्ग विषम. २७ ला तो परत येतो: बेरीज २४३, तिने भाग जातो. ३६ ला पुन्हा समची अडचण. ४५ ला बेरीज ४०५, आणि १ ने संपणाऱ्या संख्येला ५ ने भाग कसा जाणार?

९ च्या पटीतल्या माळांमध्ये ९, २७, ८१, २४३ जमतात. मला वाटलं पुढची ७२९. पण मध्येच ३३३ निघाली, कारण ३३३ = ९ × ३७, आणि १११ ला भागणारा ३७ त्या माळेलाही भागतो.

पडताळणार असाल तर पायथन वापरा. स्प्रेडशीट १५ अंकांनंतर गुपचूप शून्यं भरते.