तपकिरी मोजा

इंदुरात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दोन श्रावण सोमवार झालेसुद्धा. आमच्या पंचांगात अजून आषाढच. पचमढीच्या डोंगरातली नागद्वारीच्या गुहेची यात्रा बोलली होती आईने, फेडायला पाय माझे. रात्रीची गाडी, पहाटे पिपरिया, मटकुलीनंतर घाट, आणि जीपच्या काचेबाहेर नुसतं पांढरं.

पचमढी म्हणजे 1067 मीटर उंचीवरची बशी, कडेने सातपुडा. ढग चढून येतो आणि बशीत बसकण मारतो. पाऊस आमच्या इंदूरच्या दुप्पट. रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी जास्तच ओला. धूपगड, 1352 मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच टोक, इथंच कुठंतरी होता म्हणे. नाव धूपगड, ऊन औषधाला नाही.

जलगलीपासून पायी. एरवी हे वाघांचं राखीव रान. वाट उघडते ती नागपंचमीच्या आधीचे दहा-बारा दिवस. मागचा पोरगा दर दहा पावलांना कानात शिट्टी फुंकायचा. "हर हर महादेव" म्हणताना मी दात खात होते.

काजरीच्या पुढे उतारावर उजव्या टाचेचा फोड फुटला. ओला मोजा कातडीला चिकटलेला. दगडावर बसले आणि रडूच आलं. आईवर राग, महादेवावर राग.

"काय झालं वं बाई?" पांढुर्ण्याकडची मावशी, डोक्यावर पॉलिथिनची खोळ. उत्तराची वाट न बघता तिने माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढला. "अहो मावशी, पायाला हात नका लावू, मोठ्या आहात."

"गप बस."

पदराच्या आतल्या कोरड्या टोकाने टाच टिपली, खोबरेल चोळलं, पिशवीतून तपकिरी मोजा काढला. पुरुषी, अंगठ्याशी रफू केलेला. एकच. त्यावर दुधाची रिकामी पिशवी, वर सुतळी.

"गाव?"

"इंदूर."

"इंदूरले मराठी बोलते?"

"घरात बोलतो. मधे मधे हिंदी घुसते."

ती हसली. "दुसरा मोजा बुढ्याच्या पायात हाय," म्हणाली आणि धुक्यात गेली. बुढा कोणता ते दिसलंच नाही.

गुहेत वाकून शिरले, नारळ ठेवला, बाहेर. स्वर्गद्वारला पाऊस इतका की हात जोडले ते अंदाजाने. शिट्टीवाला पोरगा दिसला नाही, आणि मी त्याला शोधत होते.

इंदूरला उतरले तेव्हा लख्ख ऊन होतं. मोजा धुऊन गच्चीत टाकला. तासाभरात वाळला.